अनारकलीचा चेहरा रंगविणारा हात

आमच्या बाभुळगावात एका वयोवृद्ध शिंपीचाचांच्या दुकानात, मशीनच्या मागच्या भिंतीवर ‘मुघल-ए-आझम’चे एक जुने पोस्टर आहे. कडा कुरतडल्या आहेत, मधोमध घडीची रेघ उमटली आहे. पण अनारकलीच्या चेहऱ्यावरचे तेज कायम आहे. माझ्या वर्गातली मुले ईदचे कपडे आणायला तिथे जातात आणि येऊन विचारतात, “सर, ये सच्ची में थी क्या?”

शिक्षक म्हणून मला खरे सांगावे लागते. ‘अकबरनामा’त अनारकली नाही. जहांगीर बादशहाच्या स्वतःच्या ‘तुझुक’मध्येही नाही. लाहोरला तिच्या नावाचा मकबरा आहे, इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने ऐकीव हकिकत लिहून ठेवली आहे, आणि १९२२ साली इम्तियाज अली ताज यांनी ‘अनारकली’ हे उर्दू नाटक लिहिले. आज आपल्याला ठाऊक असलेली अनारकली बरीचशी त्या नाटकातून आली. ती होती याला भक्कम पुरावा नाही. मात्र तिचा चेहरा रंगविणारा माणूस नक्की होता, आणि त्याचे नाव कोणी विचारत नाही.

त्यांचे नाव जी. कांबळे. कोल्हापूरचे. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’साठी सचित्र पोस्टर केले होते. कांबळे व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल’मध्ये काम करीत. के. आसिफ यांनी त्यांना तेथून आपल्या चित्रपटाकडे ओढून आणले. त्यांच्या रंगांसाठी आसिफ यांनी देशात मिळेल तेवढा उत्तम विलायती रंग विकत घेतला, असे सांगतात.

५ ऑगस्ट १९६० रोजी चित्रपट देशभर झळकला. मुंबईच्या मराठा मंदिरावरची सजावटही कांबळे यांचीच. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मूळ चित्रपट बहुतांश कृष्णधवल होता, काही भागच रंगीत होता. संपूर्ण रंगीत आवृत्ती २००४ साली आली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे लोकांच्या मनातले अनारकलीचे रंग बरेचसे पोस्टरवरचे होते. मधुबाला, म्हणजे मुमताज जहाँ, हृदयाच्या आजाराने १९६९ साली छत्तिसाव्या वर्षी वारली. तिचा आजार कॅमेऱ्याला लपवावा लागे. कुंचल्याने तिला निरोगी आणि अमर केले.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून दिसते. तेही जी. कांबळे यांनीच काढले आहे. आमच्या उर्दू शाळेतही शिवजयंतीला त्याच चित्राला हार घालतात.

मोगल आणि मराठे यांच्या नावाने आज माणसे एकमेकांकडे संशयाने पाहतात. एकाच मराठी माणसाच्या हाताने मोगल दरबारातली कनीज आणि मराठ्यांचा राजा, दोन्ही सारख्याच मोहब्बतीने रंगवले, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

परवा मी चाचांना हे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, पोस्टर खालीवर न्याहाळले आणि म्हणाले, “मास्टर, वो नाम जरा नीचे लिख दो.”

मी खडूने नाही, पक्क्या शाईने लिहिले.