एकेक जोड की अख्खी दंगल

धुळे-जळगावकडच्या जत्रेत दंगल पाहिली असेल, तर क्रम ठाऊक असतो: पोरासोरांच्या कुस्त्या आधी, मोठी कुस्ती शेवटी. संगणकातल्या ‘हीप’ची कुळकथा सांगायला हा क्रम फार सोयीचा आहे.

ज्याची निकड मोठी तो आधी बाहेर, अशी रांग ठेवायची तर आत बहुधा हीप असतो. हीप म्हणजे ढीग, पण खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखा नव्हे. इथे प्रत्येकाच्या हाताखाली फार तर दोघे, आणि वरचा त्या दोघांना भारी. शेंड्यावर सगळ्यांत तगडा. बाकी कोण कुठे, याची फिकीर नाही.

जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी तो जून १९६४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये मांडला. नवा गडी तळाशी उभा करायचा, वरच्याशी भिडवायचा; जिंकला तर जागा बदलून पुन्हा वर. आलेला प्रत्येक जण आधीच्यांना भारी निघाला, तर १०२३ गड्यांसाठी ८१९४ अदलाबदली होतात.

त्याच डिसेंबरात, त्याच नियतकालिकात रॉबर्ट फ्लॉइड यांनी क्रम उलटा केला. सगळ्यांना आधी कसेही उभे करा आणि खालच्या टोळ्यांपासून निकाल लावत वर या. हरला तो खाली सरकेल. निम्मे गडी तळालाच असतात, त्यांना हातही लावायचा नाही. पाव जण फार तर एक पायरी उतरतात. वर जावं तशा पायऱ्या वाढतात, पण माणसं निम्म्यानं घटतात. अदलाबदली फार तर १०१३! प्रत्येक पायरीला दोन तुलना पडतात, आणि गडी कसेही आले तर विल्यम्सची रीतही इतकी महाग नाही, हेही खरं.

पायथनचं ‘हीपिफाय’ फ्लॉइडच्याच वाटेनं जातं. जावाच्या प्राधान्यरांगेला साधी यादी जन्मतःच दिली तर तीही. नंतर ‘अ‍ॅडऑल’नं ओतली, तर मात्र एकेक. सी++च्या २०२३च्या आवृत्तीतला ‘पुश रेंज’ दर वेळी सगळी दंगल नव्यानं लावतो, मग लाखभर जुन्यांत पाचच नवे का येईनात. मला रस्टचा व्यवहार पटतो. एकूण संख्येची दुप्पट एकीकडे, नव्यांची अकरापट दुसरीकडे (छोट्या हीपला अकराऐवजी लॉगॅरिदम); पहिली बाजू लहान भरली तर सगळं नव्यानं, नाहीतर एकेक. लाखात पाच आले तर एकेक. पन्नास हजार आले तर पुन्हा तळापासून.