ब्रेक ‘अचानक’ फेल होतात का? पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल नेमकं कधी बदलायचं?

घाटातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ वाचणाऱ्याला वाटतं, कालपर्यंत ठणठणीत असलेल्या ब्रेकने आज नेमका वळणावर दगा दिला. पाइप फुटून तसं होऊही शकतं. पण झिजून किंवा तापून निकामी होणारे ब्रेक आधी बरेच दिवस काही ना काही सांगत असतात. कधी आवाजातून, कधी पेडलमधून, कधी डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून. या खुणा ओळखायच्या कशा आणि कुठल्या खुणेवर काय बदलायचं, ते समजून घेऊया.

ब्रेक दाबल्यावर काय होतं?

तुम्ही पेडल दाबता तेव्हा पायाचा जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या चाकांजवळचे कॅलिपर त्या दाबाने दोन पॅड फिरत्या डिस्कवर आवळतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. तिथे हेच काम ड्रमच्या आत ब्रेक शू करतात, ज्यांना गॅरेजमध्ये ‘लायनर’ही म्हणतात.

घर्षणामुळे गाडीच्या वेगाची उष्णता होते. ती किती? १,२०० किलोची कार ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर जवळपास दीड लिटर पाण्याला उकळी येईल इतकी. आता हीच गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला नेली असं समजा. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. संपूर्ण उतार फक्त ब्रेकवर उतरला, तर अशा सुमारे १४ थांब्यांइतकी उष्णता तयार होते. ब्रेकचं आयुष्य ठरवणारी खरी गोष्ट ही आहे.

पॅड किती किलोमीटर टिकतात?

याचं एकच उत्तर नाही. मुंबईत रोज सिग्नल-टू-सिग्नल चालणारी गाडी ३० हजार किलोमीटरमध्ये पॅड संपवू शकते, तर मोकळ्या हायवेवर धावणाऱ्या गाडीचे पॅड त्याच्या दुप्पट टिकू शकतात. गाडीत किती माणसं बसतात आणि चालक शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो का, यावरही बरंच अवलंबून असतं.

म्हणून किलोमीटरपेक्षा जाडी बघावी. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची तयारी करायची. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. अलॉय व्हील असेल तर टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो. पण आतला पॅड अनेकदा आधी झिजतो आणि तो बाहेरून धड दिसत नाही. ड्रममधलं तर काहीच दिसत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा तरी चाकं उतरवून तपासणी हवी.

ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे पॅड लवकर संपतात. मागचे शू जास्त टिकतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागत असेल, तर मागचे शू झिजले असण्याची किंवा केबल सैल झाल्याची शक्यता असते.

कुठला आवाज साधा, कुठला धोक्याचा?

पावसाळ्यात सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर ऐकू आली तर घाबरू नका. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो पुसला जातो. आवाज तेवढ्यात थांबायला हवा.

चाक फिरताना बारीक, कर्कश, शिट्टीसारखा आवाज सतत येत असेल, तर गोष्ट वेगळी. अनेक पॅडना एक छोटी धातूची पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम आवाज करते. गाणी लावून, काचा बंद करून गाडी चालवणाऱ्यांना हा इशारा ऐकूच येत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे घरघर: पॅडचा थर संपून त्यामागची लोखंडी पाटी डिस्कवर घासतेय. इथे पोहोचलात, तर पॅडसोबत डिस्कचाही खर्च बहुधा ठरलेला. डिस्कची किमान जाडी सहसा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरणं धोक्याचं.

पेडल काय सांगतं?

पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा शिरलेली असू शकते. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. नेहमीपेक्षा कडक झालं असेल तर जोर वाढवणारा बूस्टर तपासायला हवा. मध्यम वेगात ब्रेक लावताना पेडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी असमान झालेली असू शकते. मात्र करकचून ब्रेक मारल्यावर जाणवणारे धक्के एबीएसचे असतात, तो दोष नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग कॅलिपर.

सगळ्यात दुर्लक्षित: ब्रेक ऑइल

पॅड झिजतात हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रेक ऑइल मात्र ‘आहे ना भरलेलं’ म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकानुसार हीच मर्यादा १५५ अंश धरली जाते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत.

शहरात हा फरक कदाचित कधीच कळणार नाही. लांब उतारावर कळतो. तापलेलं ऑइल कॅलिपरपाशी उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय थेट तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाल्यावर मेकॅनिकने पेडल दाबलं तर ते पुन्हा ठीक लागू शकतं, आणि ‘ब्रेक तर चांगले आहेत’ असं ऐकायला मिळतं!

म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावं. अचूक मुदत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. दर्जा झाकणावर लिहिलेला असतो, तोच वापरावा. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारित असल्याने इतरांत मिसळू नये.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. लाल दिवा लागला की टॉप-अप करायची. हँडब्रेक खाली असूनही दिवा पेटत असेल, तर ऑइलची पातळी कमी झालेली असू शकते. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि पातळी आपोआप उतरते. म्हणजे ती झिजेची खूण असते किंवा गळतीची. वरून ऑइल ओतलं की दिवा विझतो, कारण तसंच राहतं.

घाटात काय करायचं?

ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं. शिवाय इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उतारावर अवजड वाहनांचे वारंवार अपघात होतात, आणि तिथेही न्यूट्रलमध्ये उतरण्याचा मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे आला आहे.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते. थांबताच येत नसेल तर पेडल भराभर मारत राहा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. केबलचा हँडब्रेक ऑइलवर चालत नाही, त्यामुळे तो शाबूत असतो. इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा स्विच धरून ठेवा.

गॅरेजमध्ये काय बघायचं?

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलायचे. एकाच चाकाचे बदलले तर गाडी ओढू लागते. काढलेले जुने पॅड मागून बघा. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजलेला दिसला तर कॅलिपर अडकत असल्याची शंका घ्या, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमध्ये मोटरच वेग कमी करते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. तिथे झिजेपेक्षा गंजाकडे लक्ष द्यावं लागतं, ऑइल बदलणं मात्र सुटत नाही.

नवे पॅड बसवल्यावर गॅरेजमधून निघताना आधी गाडी उभी असतानाच पेडल चार-पाच वेळा दाबा, ते टणक लागलं की मगच गिअर टाका. पहिले दोनेकशे किलोमीटर ब्रेकची पकड थोडी कमी वाटू शकते, कारण पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायचे असतात. तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा आणि घाटाची सहल त्यानंतरच आखा.