केळ्यांचा घड आणि बर्फाचा डोंगर

स्कीइंगसाठी माणसांना डोंगरमाथ्यावर नेणारी चेअरलिफ्ट जन्मली ती केळ्यांच्या घडातून. 1936 साली युनियन पॅसिफिक या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या ओमाहा येथील कार्यालयात जेम्स करन नावाचे अभियंता होते. बोटीवर घड चढवणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी पूर्वी काम केले होते. फिरत्या तारेला आकडे आणि आकड्यांना घड. करन यांनी आकडा काढून तेथे खुर्ची टांगली. माणूस न धडपडता खुर्चीत कोणत्या वेगाने बसू शकेल, हे भर उन्हाळ्यात ओमाहात, बर्फाच्या जागी चाकांचे बूट घालून तपासले गेले.

रेल्वे कंपनीला हा उद्योग का सुचला? मंदीच्या काळात गाड्यांना प्रवासी मिळत नव्हते. कंपनीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांनी युरोपातील आल्प्स पाहिला होता. तसे ठिकाण आपल्याच मार्गावर उभारले तर हिवाळ्यात डबे भरतील, असा त्यांचा हिशोब. जागा शोधायला त्यांनी फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन काउंटला पाठवले. पश्चिमेतील डोंगरामागून डोंगर नापसंत करत तो अखेर आयडाहो राज्यातील केचम गावी पोचला. या फाट्यावरचा बर्फ उपसायला कंपनीला भारी खर्च येई. तोट्याची ती खूणच काउंटला दाखवण्याजोगी ठरली.

केचम तेव्हा दोनदा जगून झालेले गाव होते. 1880 च्या दशकात चांदी-शिशाच्या खाणी आल्या, 1884 मध्ये रेल्वे आली, मग चांदीचे भाव कोसळले. खाणी ओस पडल्यावर गाव मेंढ्यांवर तगले. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चरलेले कळप शरदात खाली येत आणि येथून गाडीत चढत.

गावाशेजारची सुमारे 3,900 एकर जमीन कंपनीने घेतली. जाहिरातकार स्टीव्ह हॅनागन यांनी नाव ठेवले ‘सन व्हॅली’. थंडी विकायची, पण नाव उन्हाचे! पोहण्याचा गरम पाण्याचा तलाव हवा, हा आग्रहही त्यांचाच. मुख्य इमारत लाकडी दिसते, पण ती काँक्रीटची आहे: खरबरीत फळ्यांच्या साच्यात ओतलेली आणि रंगवलेली. डिसेंबर 1936 मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा नेमका बर्फच नव्हता. बर्फ पडेपर्यंत पाहुण्यांचा खर्च कंपनी सोसेल, असे हॅरिमन यांनी कळवल्याची कथा सांगितली जाते.

मला त्या कथेतच पुढचा सारा इतिहास दिसतो. आभाळावर विसंबलेल्या धंद्याला इतर ऋतूही कामाला लावावेच लागतात. शरदातील शिकार-मासेमारीचा बोलबाला व्हावा म्हणून 1939 मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे यांना पाहुणे म्हणून बोलावले गेले. तेथील 206 क्रमांकाच्या खोलीत त्यांनी ‘फॉर हूम द बेल टोल्स’चा काही भाग लिहिला. जाहिरातीसाठी आलेला हा लेखक पुढे केचममध्येच घर करून राहिला. 1961 च्या जुलैत त्याच घरी त्यांनी आयुष्य संपवले. गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

महायुद्धात येथे नौदलाचे रुग्णालय होते. 1946 च्या डिसेंबरात पाहुणे परतले, पण लोक आता मोटारीने आणि विमानाने फिरू लागले होते. प्रवाशांसाठी मांडलेला खेळ प्रवाशांविना रेल्वेला परवडेना. 1964 मध्ये कंपनीने सन व्हॅली विकून टाकली. पुढे फाट्याचे रूळही उखडले. आज लिफ्ट उन्हाळ्यात पदयात्री आणि सायकली वर नेते, आणि रुळांच्या जागी सायकलींचा डांबरी मार्ग आहे.

या मार्गावरून वाद झाला तो मेंढ्यांशी. त्यांच्या लेंड्या चाकांना लागतात, अशी सायकलवाल्यांची तक्रार होती. मेंढपाळांचे म्हणणे, कळपांची ही वाट फार जुनी आहे. त्यांनी तक्रारदारांना कॉफीला बोलावले आणि कळपांसोबत चालायचे निमंत्रण दिले. त्यातून एक उत्सव सुरू झाला. आता दर ऑक्टोबरात केचमचा मुख्य रस्ता वाहनांना बंद होतो आणि हजार-दीड हजार मेंढ्या त्यावरून खाली उतरतात.