बंदरावरचा बावटा

5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर आदळलेल्या वादळात सुमारे 60,000 माणसं गेली. वाऱ्याहून जास्त घात केला तो हुगळीतून वर चढलेल्या समुद्राच्या पाण्यानं. पण इंग्रज सरकारला हलवलं ते प्रामुख्यानं बंदरातल्या फुटक्या जहाजांनी. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाची आगाऊ सूचना देण्याची सोय झाली. हिंदुस्थानातली ती पहिली. हवामान खातं स्थापन व्हायला अजून 10 वर्षं अवकाश होता.

तोवर कुणी बजावलंच नव्हतं, असं मात्र नाही. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी अभ्यासणाऱ्या हेन्री पिडिंग्टननं 1853 मध्येच गव्हर्नर जनरलला कळवलं होतं, की बंगालातल्या मातला नदीकाठी बंदर काढाल तर समुद्र ते गिळेल. बंदर निघालं, त्याला लॉर्ड कॅनिंगचं नाव मिळालं आणि 1867 च्या वादळानं त्याची वाट लावली. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता.

अशा आगाऊ सूचनांसाठी पश्चिम किनाऱ्याची पाळी 1880 साली आली: मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार, कुमठा. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानानं शांत, म्हणून इकडे घाई नव्हती. कोकणची स्वतःची तयारी होती ती पावसाळ्यासाठी. आगोटीला होड्या ओढून शाकारायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा लोटायच्या. चक्रीवादळं मात्र पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे येतात, नेमक्या होड्या पाण्यात असताना. नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडची ‘विजळी’, अशाच वादळात 700 हून अधिक माणसांसह नाहीशी झाली.

1 एप्रिल 1898 पासून देशातल्या सगळ्या बंदरांना एकच संकेतपद्धत लागू झाली. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. यातला तीन नंबरचा बावटा, म्हणजे संकेत, लागला, की कोळीवाड्यात आजही होड्या आत घेतात. आठ ते दहा म्हणजे महाभय. गंमत अकराव्याची. हा बावटा सांगतो, की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटलाय, तेव्हा वाईटच धरून चाला. आपलं अज्ञान इतक्या प्रामाणिकपणे खांबावर टांगणारं सरकारी खातं विरळाच.

ही सारी व्यवस्था जहाजांपुरती होती. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला बावटा पाहून कुठं जायचं, हे कुणी सांगत नव्हतं. त्याचा गंभीर विचार झाला तो आंध्रात 1977 च्या वादळात दिवी तालुका धुऊन गेल्यावर. ओडिशानं 1999 मध्ये सुमारे 10,000 माणसं गमावली आणि त्याच वर्षी आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. पुढं निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. 2019 च्या ‘फनी’आधी तिथं 12 लाखांवर लोक हलवले गेले. त्या वादळात 64 माणसं दगावली.

कोकणाला असा धडा उशिरा मिळाला. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ आलं, तेव्हा कित्येक होड्या खोल समुद्रात होत्या. दरम्यान अरबी समुद्र तापत गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांच्या मते 1982 ते 2019 या काळात इथली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं. माणसं आधी हलवल्यानं मनुष्यहानी थोडी झाली. नारळ-सुपारीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. वाडी गुंठ्यात मोजायची आणि भरपाई हेक्टरी, त्यामुळं सुपारीवाल्यांच्या हाती पडलेली रक्कम किरकोळ होती. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, हे भरपाईच्या कोष्टकात कुठंच नव्हतं. ओरड झाल्यावर नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदतीचा निर्णय झाला.

वर्षभरातच ‘तौक्ते’ आलं. इशारा काही दिवस आधीच निघाला होता, तरी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा 261 माणसांसह उभाच राहिला. 17 मे 2021 ला तो बुडाला आणि 70 हून अधिक जण मेले.