रुमाल, जबानी आणि पडदा

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली होण्यापूर्वी वाशीम, कारंजा व मंगरूळपीर हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. आणि त्याच निजामाच्या फौजेतील फिलिप मेडोज टेलर या अंमलदाराने ठगांच्या जबान्यांवरून 1839 मध्ये अमीर अली नामक माफीच्या साक्षीदाराची कादंबरी रचून विलायतेस थरारून सोडले. रुमालाच्या टोकास नाणे बांधायचे, सहप्रवासी म्हणून विश्वास संपादायचा, आणि इशारा होताच गळा आवळायचा, ही ठगांच्या धंद्याची रीत.

पुढे जॉन मास्टर्स यांनी 1952 मध्ये याच विषयावर ‘द डिसीव्हर्स’ लिहिली. तिच्यावरून मुंबईकर इस्माईल मर्चंट यांनी निर्मिलेला इंग्रजी चित्रपट 1988 मध्ये आला, ज्यात पिअर्स ब्रॉस्ननसमवेत शशी कपूर होते. पडद्यावर एकटा गोरा अंमलदार वेषांतर करून टोळीत शिरतो. वस्तुतः ठगांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या स्लीमन या इंग्रज अंमलदाराच्या कचेरीने फितूर ठगांच्या जबान्या, त्यांच्या वंशावळी आणि 1836 चा कायदा, ज्यान्वये केवळ टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला, यांच्या बळावर हा बंदोबस्त केला. दप्तराचे हे काम पडद्यास रुचले नसते, एवढेच.