कचारगड

कचारगड : गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील नैसर्गिक गुहा आणि गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान. गोंदियापासून सु. 55 किमी.; मुंबई–हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकापासून सु. 3 किमी. पायथ्याशी धनेगाव. परिसर डोंगराळ व घनदाट जंगलाचा असून छत्तीसगडची सीमा जवळ आहे. दरेकसाजवळच हाजरा फॉल हा धबधबा आहे.

‘आशियातील सर्वांत मोठी गुहा’ असा कचारगडाचा उल्लेख वारंवार होतो. माघ पौर्णिमेच्या यात्रेला येथे माणसे लोटतात ती मात्र एका आईच्या कथेमुळे. कली कंकाली दाईची 33 मुले खोड्या करतात म्हणून शंभूशेकाने (महादेवाने) त्यांना या गुहेत कोंडले व तोंडाशी प्रचंड शिळा लावली. आई मुलांसाठी तळमळू लागली. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी मुलांना बळ आले, त्यांनी शिळा ढकलली; पण तिच्याखाली सापडून हिरासुका मरण पावला. पुढे जंगो रायताडने या मुलांचा सांभाळ केला आणि लिंगोने त्यांना कोया पुनेमची (गोंड धर्माची) शिकवण दिली, अशी श्रद्धा आहे. म्हणून यात्रेत जन्मदात्रीबरोबर सांभाळणारीलाही मातेचा मान मिळतो.

कथेची जुनी छापील नोंद चर्चच्या माणसाने केलेली आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप (1817–63) यांनी जमवलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात तपशील वेगळे आहेत : महादेव गोंडांना धवळगिरीच्या गुहेत डांबतो, सोळा हात लांबीची शिळा लावून भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो; आपले गोंड दिसेनात म्हणून पार्वती उपास धरून तप करते. त्यातून निसटलेले चौघे गोंड काचीकोपा लोहागड येथे जातात. तेच कचारगड, असे अनेक गोंड अभ्यासक मानतात. दोन्ही कथांत लेकरांसाठी झुरणारी आई आहे, हे साम्य महत्त्वाचे.

यात्रेचे आजचे रूप 1980 च्या दशकातील. गोंडी भाषा व गोंड धर्माचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (1949–2015) आणि त्यांचे सहकारी यांनी ते घडवले. आता मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथूनही भाविक येतात. धनेगावात सप्तरंगी ध्वज उभारतात. पिवळे फेटे व दुपट्टे घातलेले जथे ‘जय सेवा’ म्हणत गुहेकडे चढतात. यात्राकाळात काही रेल्वेगाड्यांना दरेकसा येथे तात्पुरता थांबा मिळतो.

तालुक्यात भात हे मुख्य पीक. तेंदूपान व मोहफुले यांवर अनेकांची गुजराण.