खानदेशातील फडपद्धती आणि गावाचे नियोजन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा खानदेशच्या इतिहासातील एखाद्या विषयावर लिहिण्याविषयी आम्हांस सुचविले, तेव्हा किल्ले, लढाया व राजवंश हे विषय प्रथम डोळ्यांपुढे आले. परंतु त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घराणी शेतीवर वाढलेली. आज मुले सुरत, नाशिक, पुण्यास असली तरी सातबाऱ्यावर आजोबांचे नाव अद्याप आहे. म्हणून त्या शेतीच्या पाण्याचा, आणि ते पाणी वाटताना आपल्या पूर्वजांनी जी रीत घालून दिली तिचा इतिहास येथे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

गावाचा विकास गावकऱ्यांनीच आखावा, हे वाक्य हल्ली प्रत्येक सरकारी पत्रकात आढळते. जणू ही कल्पना नुकतीच कोणास सुचली असावी! वस्तुतः पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या काठी ही कल्पना तीनशे-चारशे वर्षे प्रत्यक्ष नांदत होती. तीस कोणी 'नियोजन' म्हणत नसत. तिचे नाव होते फड.

प्रथम भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. पांझरा साक्री तालुक्यातील डोंगरांत उगम पावून पिंपळनेर, नेर, धुळे असा प्रवास करीत मुडावदजवळ तापीस मिळते. मोसम व आरम या गिरणेस मिळणाऱ्या नद्या बागलाणच्या. पण १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत बागलाण व मालेगाव हा मुलूख खानदेशातच मोडत असे, हे आजच्या पिढीस ठाऊक नसते. या नद्यांचा उतार चांगला, पात्रात ठिकठिकाणी खडक उघडा, आणि पावसाळा सरल्यावरही काही महिने वाहता झरा. अशा खडकावर दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालावयाचा व पाणी अडवून बाजूच्या पाटात वळवावयाचे. बंधाऱ्यात साठा असा नसेच. नदी जेवढे देईल तेवढेच घ्यावयाचे. काही बंधाऱ्यांचा आरंभ फारुकी राजवटीपर्यंत, म्हणजे १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला त्याच्याही पूर्वीपर्यंत, मागे नेला जातो.

बंधारा बांधणे हे राजाचे वा धनिकाचे काम असू शकते. ते चालविणे मात्र गावावाचून कोणास शक्य नव्हते, आणि आमच्या मते खरा इतिहास येथून सुरू होतो. पाटाखालच्या सर्व जमिनीचे, म्हणजे पाटस्थळ जमिनीचे, तीन किंवा चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भात अथवा भुसार धान्य. पुढील वर्षी पिकांची जागा बदले. बहुतेक शेतकऱ्यांचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे ऊस आला तर सर्वांच्या वाट्यास थोडा थोडा येई, आणि गहू आला तर तोही सर्वांसच. कोणी एकट्याने उसाची हाव धरून शेजाऱ्याचा गहू वाळविण्यास वावच नव्हता.

मुख्य पाटास कालवा, त्यातून फुटणाऱ्या फाट्यास चारी, आणि शेतात पाणी नेणाऱ्या लहान नालीस सारंग असे म्हणत. जादा झालेले पाणी सांडमातून नदीत परत जाई. पाणी देणारा मनुष्य पाटकरी. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फडात शेतकरी आपल्या शेतास स्वतः पाणी देत नसे. फडाच्या वतीने पाटकरीच क्रमाने सर्व शेते भिजवी. मालक शेतावर असो वा पंढरपुरास गेलेला असो, त्याच्या वाफ्यास पाणी मिळे. पिकाची राखण जागल्याकडे असे. त्यांचा मेहनताना रोख नसे. धान्याच्या वा उसाच्या रूपाने तो फडातूनच मिळे. वर्षातून ठरल्या वेळी पाटातील गाळ काढावयाचा, तेव्हा ज्याचे शेत त्या पाटावर त्याने आपल्या हिश्शाप्रमाणे माणूसबळ द्यावयाचे. न देणाऱ्यास जाब विचारणारे पंच गावातलेच, आणि त्यांची शेतेही त्याच फडांत.

पावसाळा संपला म्हणजे पंच व शेतकरी एकत्र बसत. नदीस पाणी किती, ते कोठपर्यंत टिकेल, यंदा किती फड भिजवावयाचे व कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे त्या बैठकीत ठरे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत. सर्वांची जमीन सर्व फडांत असल्याने तूटही सर्वांसच सोसावी लागे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही गावाची वार्षिक योजनाच होती, आणि तीस लोक हजर राहत. कारण त्या बैठकीत त्यांच्या घरातील वर्षाची भाकरी ठरत असे. लोकांस सभेस आणण्यासाठी दवंडी पुरेशी होत असे, भोजनावळीची आवश्यकता नव्हती.

तथापि या पद्धतीचे आंधळे कौतुक करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पंच होते ते जमीनधारकांचे. ज्यांच्या नावे पाटस्थळ जमीन नव्हती, त्यांस या बैठकीत बोलण्याचा अधिकार नव्हता. पाटकरी व जागल्या फडासाठी राबत, फडाचे निर्णय मात्र त्यांच्या हाती नसत. आणि ज्या स्त्रिया फडात निंदणी-कापणी करीत, त्यांचे मत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे काहींस रुचणार नाही. पण इतिहास लिहावयाचा तर अर्धा लिहून चालत नाही.

१८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडविला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. १८१८ साली इंग्रजी अंमल बसला व कॅप्टन ब्रिग्ज हा येथील पहिला पोलिटिकल एजंट झाला, तेव्हा मुलूख ओसाड पडला होता. तरीही १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरात पाटस्थळ शेतीची व बंधाऱ्यांची नोंद करावी लागली, यावरून या पद्धतीचा चिवटपणा कळून येईल. इंग्रजांनी स्वतःही पाटबंधाऱ्यांची कामे काढली. गिरणेवरील जामदा येथील बंधारा व कालवे आपल्या चाळीसगावकडील वाचकांस परिचित आहेत. पण १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने सरकारी कालव्यावरचा कारभार खात्याकडे गेला. शेतकऱ्याने पाण्यासाठी अर्ज करावा, पाणीपट्टी भरावी, आणि पाळी येण्याची वाट पाहावी. 'पाटकरी' हा शब्द सरकारी कालव्यावरही राहिला, मात्र तो आता गावाचा नोकर न राहता खात्याचा नोकर झाला. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत शंभर वर्षांचे स्थित्यंतर सामावले आहे.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० साली त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली. पूर्व भागात फड फारसे नव्हते, परंतु खेड्याने स्वतः योजना करून पार पाडल्याचे एक निराळे उदाहरण तेथे घडले. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. मोठ्या शहरातील सोयी नसताना हजारो लोकांच्या निवासाची, पाण्याची, स्वच्छतेची व्यवस्था करावयाची होती. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य अनामिक गावकरी यांनी ती अंगावर घेतली. बांबू व खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून नंदलाल बोस यांनी टिळकनगर सजविले. ते नगर काही दिवसांचेच होते, तरी खेडूत माणसास योजना समजत नाही, हा शहरी समज तेथे खोटा ठरला.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, श्रमदान हे शब्द त्या काळी घरोघरी पोहोचले. रस्ते झाले, विहिरी झाल्या. पण पाचच वर्षांत, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीस असे म्हणावे लागले की, लोकांचा पुढाकार या योजनेत उभा राहिलेला नाही. त्यातून पंचायत राज्याची शिफारस झाली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यास लागल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम होताच. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या सर्वांस घटनेचा आधार मिळाला.

कायद्याने अधिकार वाढत असताना फड मात्र मोडत होते, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली. पांझरेवर लाटीपाडा व अक्कलपाडा ही दोन साक्री तालुक्यातच आहेत. पाठोपाठ विहिरींवर विजेचे पंप बसले. नदीचा हिवाळी झरा आटला आणि ज्याच्या विहिरीस पाणी तो आपल्या मनाचे पीक घेऊ लागला. धरणांमुळे पुष्कळ कोरडवाहू जमीन भिजली, हे नाकारता येणार नाही. आम्ही त्याविरुद्ध नाही. परंतु एका फडात एक पीक हा नियम एकदा सुटल्यावर बैठकीचे प्रयोजनच संपले. पाटातील गाळ कोणी काढावा, हा प्रश्नही मग पंचांचा राहिला नाही. तो पंचायत समितीतील अर्जाचा विषय झाला. २००५ साली शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करावे म्हणून राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि पाणीवापर संस्था निघाल्या. जे हातचे होते ते पुन्हा कागदावरून परत आणण्याचा हा प्रयत्न होय.

आता आजच्या स्थितीकडे वळू. २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला आराखडा स्वतः करावयाचा आहे, व वित्त आयोगाचा पैसा त्या आराखड्यावर खर्च व्हावयाचा आहे. आराखडा ग्रामसभेपुढे मंजूर व्हावा लागतो. ग्रामसभेस मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर हवेत. तितके न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही! या एका तरतुदीने किती आराखडे दहा-वीस माणसांत मंजूर होतात, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही शिक्षक म्हणून ज्या गावी होतो तेथे सभेची वही घरोघरी फिरून सह्या घेत असल्याचे पाहिले आहे. सह्या करणाऱ्यांत शिकलेले लोक कमी नव्हते, आणि त्यांपैकी काहींस आम्हीच शिकविले होते.

फडाच्या बैठकीत नसलेला अधिकार आजच्या ग्रामसभेत भूमिहीनास आहे, स्त्रीस आहे. महिलांची सभा आधी भरविण्याचा नियमही झाला. हक्काच्या दृष्टीने ग्रामसभा फडाहून कितीतरी श्रेष्ठ. तरीही फडाची बैठक भरत असे आणि ग्रामसभा ओस पडते. याचे कारण लोक आळशी झाले हे नव्हे. फडात तूट वाटली जाई. आराखड्यात बहुधा कामांची यादी असते, आणि ती यादी वरून आलेल्या नमुन्यात बसविलेली असते. गटार कोणाच्या आळीत, सभामंडप कोणत्या देवळापुढे, एवढाच वाद उरतो. ज्या यादीत आपल्या पोटाचा प्रश्न नाही, तिच्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवील?

याच साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेलगत बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे लहान गाव आहे. १९९० नंतरच्या काळात तेथील जंगल तुटून गेले व पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली. त्या वेळी उच्च शिक्षण घेऊन गावीच राहिलेले चैत्राम पवार यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावास एकत्र बसविले. गावाने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखावयाचे ठरविले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्यास दंड, सारे नियम गावाचेच. जंगल परतले, झरे परतले, पुढे शेजारच्या गावांसही पाणी मिळू लागले. २०२५ साली चैत्राम पवार यांस पद्मश्री मिळाली. आम्हांस मात्र त्या सन्मानापेक्षा त्यांच्या आरंभीच्या बैठका अधिक महत्त्वाच्या वाटतात. ज्या जंगलावर सर्वांचे सरपण व पाणी अवलंबून, त्याचीच वाटणी त्यांनी सर्वांपुढे मांडली. ही फडाचीच रीत झाली, आणि येथे जमीनधारक व भूमिहीन हा भेद आड आला नाही.

आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे गावात आहेत, त्यांनी येत्या आराखड्यात गटारांच्या आधी पाण्याचा ताळेबंद मागावा: पाऊस किती झाला, विहिरींस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, उसाखाली व केळीखाली किती जमीन, आणि टँकर कोणत्या वस्तीस लागतो. केळीच्या बागा असलेल्या रावेर-यावल भागात, जेथे विंधन विहिरी खोल खोल जात आहेत, तेथे तर हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आणि तो विचारताना ज्यांच्याकडे बाग नाही त्यांस पुढील रांगेत बसवावे. जी मंडळी बाहेरगावी आहेत पण ज्यांची नावे अजून गावच्या मतदारयादीत आहेत, त्यांनीही उपस्थित राहावे. आराखड्याची सभा बहुधा २ ऑक्टोबरच्या सुमारास असते. त्या दिवशी कचेऱ्यांस सुट्टी असते, आणि सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्या अमळनेरला थांबतात.